भाताचे प्रायश्चित्त

१० मार्च २०१० रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीसमोर बिल क्लिंटन साक्ष द्यायला बसले. भूकंपाने हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स जमीनदोस्त केली, त्याला दोन महिनेही झाले नव्हते. क्लिंटन तेव्हा हैतीसाठी संयुक्त राष्ट्रांचे विशेष दूत होते आणि विषय पुनर्बांधणीचा होता. बोलता बोलता ते तांदळाकडे वळले. आपण राष्ट्राध्यक्ष असताना हैतीला तांदळावरचा आयातकर उतरवायला लावला, त्यात आपल्या आर्कान्सा राज्यातल्या काही शेतकऱ्यांचे भले झाले असेल, पण ते धोरण चुकले, असे त्यांनी सांगितले. हैतीने स्वतःच्या माणसांना पोसेल एवढा भात पिकवण्याची ताकद गमावली, ती आपल्या करणीमुळे, दुसऱ्या कोणामुळे नाही, आणि त्याचे ओझे आपण रोज वाहतो, असेही ते म्हणाले.

राज्यकर्ते माफी मागतात तेव्हा वाक्यातला कर्ता बहुधा गायब असतो. चुका ‘झालेल्या’ असतात, परिणाम ‘अनपेक्षित’ असतात. या साक्षीत मात्र कर्ता जागेवर होता. व्यापार खुला करण्याच्या धोरणाबद्दल जगभरच्या वाचनालयांत कपाटे भरतील एवढे लिहिले गेले आहे, पण ते धोरण राबवणाऱ्या सर्वोच्च माणसाने ‘हे मी केले’ असे म्हटल्याची उदाहरणे फार थोडी. म्हणून ही कबुली गांभीर्याने घ्यायला हवी. आणि गांभीर्याने घ्यायची तर धर्मविचाराने हजारो वर्षे विचारलेला प्रश्न तिलाही विचारावा लागतो: कबुलीनंतर काय?

आधी भाताबद्दल. हैतीच्या मध्यभागातून आर्तिबोनित नदी वाहते. तिचे खोरे हे त्या देशाचे भाताचे कोठार. पाटाच्या पाण्यावर भिजणारी लहान लहान खाचरे, हाताने लावणी, हाताने कापणी, आणि भरडलेला तांदूळ शहरापर्यंत पोचवणाऱ्या बाजारकरणी बायका. या बायकांना तिथे ‘मादान सारा’ म्हणतात. खेडे आणि राजधानी यांच्यातला धान्याचा व्यापार त्यांच्याच पायांवर उभा असतो. एकेकाळी भात हे तिथल्या गरिबाचे रोजचे अन्न नव्हतेच. रोज मका, ज्वारी, कंदमुळे. भात रविवारी किंवा सणाला. कोकणातल्या नाचणी खाणाऱ्या घरांना आणि देशावरच्या भाकरी खाणाऱ्या घरांना हा हिशोब समजावून सांगावा लागणार नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत हैती आपल्या गरजेचा बहुतेक तांदूळ स्वतः पिकवत होती.

फेब्रुवारी १९८६मध्ये हुकूमशहा जाँ-क्लोद दुवालिये देश सोडून पळाला. त्यानंतरच्या लष्करी राजवटीने कर्जाच्या अटींनुसार बाजार उघडायला सुरुवात केली आणि अमेरिकी तांदूळ आला. लोकांनी त्याला ‘मायामी तांदूळ’ असे नाव दिले. पुढे डिसेंबर १९९०मध्ये जाँ-बेर्त्राँ आरिस्तिद हा गरिबांच्या वस्तीत काम करणारा कॅथलिक धर्मगुरू मोठ्या बहुमताने राष्ट्राध्यक्ष झाला. अवघ्या काही महिन्यांत लष्कराने त्याला हाकलले. ऑक्टोबर १९९४मध्ये अमेरिकी सैन्याच्या संरक्षणात तो परतला, पण परतीच्या वाटाघाटींत एक आर्थिक कार्यक्रमही त्याच्या गळ्यात पडला होता. १९९५मध्ये तांदळावरचा आयातकर ३५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आला. शेजारच्या कॅरिबियन राष्ट्रांच्या गटाचा सामाईक दर तेव्हा २५ टक्के होता.

१९८०च्या दशकाच्या मध्यात तांदळाची आयात काही हजार टनांची होती. नवे शतक उजाडले तेव्हा ती दोन लाख टनांच्या पुढे गेली होती, आणि भूकंपाच्या वेळी देशात खाल्ल्या जाणाऱ्या तांदळाचा बहुतांश भाग बाहेरून येत होता. एक कोटी वस्तीचा हा गरीब देश अमेरिकी तांदळाच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक झाला.

याला स्पर्धा म्हणायचे का? अमेरिकी भातशेतीला सरकारी अनुदान होते, यंत्रे होती, कर्ज होते, बंदरापर्यंत रस्ते होते. शिवाय १९८६मध्ये अमेरिकी काँग्रेसने एक तरतूद मंजूर केली होती. परदेशातली जी पिके निर्यातीत अमेरिकी मालाशी टक्कर देतील, त्यांच्या वाढीसाठी अमेरिकी मदतीचा पैसा वापरायचा नाही, असा तिचा आशय. ती मांडणारे सिनेटर डेल बम्पर्स हेही आर्कान्साचेच. एका बाजूचा पैलवान खुराकावर पोसलेला आणि दुसऱ्याचा खुराक बांधलेला, अशी ही कुस्ती होती. आर्तिबोनितच्या शेतकऱ्याकडे ना अनुदान, ना साधे पाट उपसायला पैसा. खत महाग झाले, पाटात गाळ साचला, तांदळाला मिळणारा भाव लावणीच्या मजुरीलाही पुरेना. पोरे राजधानीकडे निघाली. तिथे डोंगरउतारावर आणि खाडीकाठी वस्त्यांवर वस्त्या चढल्या. १२ जानेवारी २०१०ला जमीन हादरली तेव्हा त्या घरांत माणसे दाटीने राहत होती. भूकंप आयातकराने आणला नाही. पण कोण कुठे राहत होते आणि का, या प्रश्नाच्या उत्तरात भाताची खाचरे येतात.

आता दुसरी बाजू, आणि ती लहान नाही. आयात तांदूळ स्वस्त होता. पोर्ट-ओ-प्रिन्सच्या झोपडीत चार पोरे पोसणाऱ्या बाईला तो परवडत होता, सणाचे अन्न रोजच्या ताटात आले होते. तिच्या दृष्टीने ३५ टक्के कर म्हणजे तिच्या ताटातून काढून शेतकऱ्याला दिलेला घास. ती बाईही गरीबच. डेव्हिड रिकार्डोने १८१७मध्ये पोर्तुगालची दारू आणि इंग्लंडचे कापड यांचे उदाहरण घेऊन मांडलेला तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त इथे लागू पडतो, असे क्लिंटन यांच्या सल्लागारांना वाटले असेल तर त्यांना कोणी दुष्ट म्हणू नये. श्रीमंत देशांनी गरिबांना अन्न विकावे, अन्न पिकवण्याच्या कष्टातून त्यांची सुटका करावी, म्हणजे ते थेट कारखान्यांच्या युगात उडी मारतील, असा त्या काळचा विचार होता, हे क्लिंटन यांनीच त्या साक्षीत सांगितले.

उडी पडलीच नाही. शेत सुटले आणि कारखाना आला नाही. २००८मध्ये जगात तांदळाचा भाव काही महिन्यांत दुपटीहून वर गेला, तेव्हा स्वस्ताईही संपली. त्या एप्रिलमध्ये भुकेने संतापलेले लोक रस्त्यावर आले आणि पंतप्रधान जाक-एदुआर अलेक्सिस यांना पायउतार व्हावे लागले. शहरातल्या बाईच्या हाती महाग तांदूळ उरला आणि खेड्यातल्या शेतकऱ्याच्या हाती ओसाड बांध.

अर्थशास्त्रात एक कसोटी आहे. निकोलस काल्डोर आणि जॉन हिक्स या दोन अर्थतज्ज्ञांनी १९३९मध्ये ती मांडली. एखाद्या बदलाने ज्यांचा फायदा झाला ते नुकसान झालेल्यांना भरपाई देऊनही फायद्यात राहू शकत असतील, तर तो बदल समाजासाठी चांगला. सारे नैतिक वजन ‘देऊ शकत असतील’ या शब्दांवर आहे. भरपाई प्रत्यक्ष द्यावी लागत नाही, ती शक्य असली की पुरे. आर्कान्साचा तांदूळ उत्पादक, जहाजवाला, बंदरातला आयातदार आणि शहरी गिऱ्हाईक यांचा नफा एका पारड्यात, आर्तिबोनितचा शेतकरी दुसऱ्यात. पहिले पारडे जड भरले की हिशोब मिटला. या कसोटीच्या बचावात म्हणतात की वाटणी हा वेगळा प्रश्न, तो राजकारणाने सोडवावा. पण हैतीत तो सोडवणारे राजकारण होते कुठे? नफा एका देशात, तोटा दुसऱ्या देशात, आणि दोघांना एका पंगतीला बसवणारी सत्ता कुठेच नाही. गावातला कोणी पाटाचे पाणी वळवून आपले शेत भिजवतो, शेजाऱ्याचे वाळवतो आणि म्हणतो, दोघांचे मिळून पीक वाढलेच ना! गावाने हे ऐकून घेतले नसते.

हेतू चांगला असेल तर दोष किती लागतो, या प्रश्नावर आपल्याकडे अडीच हजार वर्षांपूर्वी कडाक्याचा वाद झाला. पाली मज्झिम निकायात उपालि सुत्त आहे. नालंदेचा धनिक गृहस्थ उपालि हा निगंठांचा, म्हणजे जैनांचा अनुयायी. काया, वाणी आणि मन यांपैकी कशाने घडलेले कर्म अधिक भारी, यावर तो बुद्धाशी वाद घालायला जातो. त्याचा पक्ष कायेचा: प्रत्यक्ष घडलेली इजा सर्वांत जड. बुद्धाचा पक्ष मनाचा: चेतना, इरादा, तेच कर्माचे मूळ. बुद्ध त्याला विचारतो, संयमाने चालणाऱ्या मुनीच्याही पायाखाली लहान जीव मरतात, त्याचे काय? इरादा नसेल तर तो मोठा दोष नाही, असे उपालि म्हणतो आणि तिथेच हरतो. ही कथा बौद्धांनी सांगितलेली असल्यामुळे जैनांची बाजू तिथे हरणारच. जैनांचे उत्तर त्यांच्या आचारात पाहायला मिळते. जाता-येता पायाखाली तुडवल्या गेलेल्या बी-बियाण्याची, हिरवळीची, किड्यामुंगीची क्षमा मागण्याचा पाठ प्रतिक्रमणात असतो. मारायचे मनात नव्हते हे ठाऊक असूनही तो म्हणायचा असतो.

राज्य चालवणाऱ्यासाठी या दोहोंपैकी जैनांची दृष्टी अधिक योग्य आहे. खासगी माणसाचे पाऊल लहान असते, त्याच्या इराद्याला मोठे वजन देता येते. महासत्तेच्या प्रमुखाचे पाऊल एवढे मोठे की कोणाचे शेत त्याखाली येते हे न पाहणे हाच दोष ठरतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६मध्ये एका लॉरीचालकाचे उदाहरण दिले. त्याची काही चूक नसताना त्याच्या चाकाखाली मूल येते. बाजूला उभे असलेले लोकही हळहळतात, पण चालकाची हळहळ वेगळ्या जातीची असते, आणि ती तशी नसेल तर त्या माणसात काही कमी आहे असे आपल्याला वाटते. क्लिंटन यांच्या साक्षीत ही चालकाची हळहळ होती. बाजूला उभे राहून त्यांनी ‘जागतिकीकरणाच्या लाटे’ला दोष दिला नाही.

तरीही सारा दोष एकट्या करावर टाकणे खोटे ठरेल. हैतीचे डोंगर उघडे पडले होते, माती वाहून धरणांत आणि पाटांत बसत होती. आरिस्तिदला हाकलल्यावर लादलेल्या १९९१ ते १९९४च्या आर्थिक कोंडीने देश पिळून निघाला. राज्यकर्त्यांनी राजधानीबाहेर क्वचितच पाहिले. आणि त्याआधीचे एक जुने ओझे होते. गुलामांनी बंड करून १८०४मध्ये स्वतंत्र केलेल्या या देशाकडून फ्रान्सने १८२५मध्ये युद्धनौका उभ्या करून १५ कोटी फ्रँकची ‘भरपाई’ लिहून घेतली. मळेमालकांनी गमावलेल्या मालमत्तेची, म्हणजे त्यात माणसांचीही, ही किंमत. नंतर ती ९ कोटींवर आली, पण तिच्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते १९४७पर्यंत चालले. पाट बांधायचे, शाळा काढायच्या, त्या सव्वाशे वर्षांत पैसा पॅरिसकडे वाहत होता.

शिवाय बाजार उघडणे हेच पाप, असे महाराष्ट्रातल्या कांदा उत्पादकाला तरी कोणी सांगू नये. ८ डिसेंबर २०२३ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती थेट पुढच्या मे महिन्यात खुली झाली. त्या महिन्यांत लासलगावच्या बाजारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला दार बंद करण्याचा फटका बसला. शेतकरी नेते शरद जोशींनी शेतमालाचा व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाला पाठिंबा दिला तेव्हा पुरोगाम्यांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली, पण त्यांचा मुद्दा साधा होता: सरकार शहराला स्वस्त धान्य देण्यासाठी शेतकऱ्याचे हात बांधते, ते हात सोडा. चाकणच्या कांदा आंदोलनातून आलेल्या माणसाचा तो अनुभव होता. आर्तिबोनित आणि लासलगाव एकमेकांविरुद्ध साक्ष देत आहेत असे वरवर दिसते. खरे तर दोन्हीकडे तक्रार एकच आहे. दार उघडायचे की लावायचे, हे ज्याच्या घराचे दार त्याला कोणी विचारले नाही. हैतीच्या मतदाराने आरिस्तिदला निवडले ते तांदळावरचा कर ३ टक्के करण्यासाठी नव्हे.

विचारले जाणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण भारताचेच आहे. गॅट या जागतिक व्यापार कराराच्या जुन्या वाटाघाटींत भारताने तांदूळ, मका, ज्वारी, दूध पावडर अशा काही मालांवर शून्य आयातकराचे बंधन मान्य करून ठेवले होते. १९९०च्या दशकाअखेर आयातीवरची संख्येची बंधने उठणार हे दिसू लागले, तेव्हा हे शून्य घातक ठरणार होते. भारताने करारातल्या फेरवाटाघाटींच्या कलमाचा आधार घेतला, काही दुसऱ्या मालांवर सवलती दिल्या आणि १९९९च्या अखेरीस ती बंधने वर नेऊन घेतली. पांढऱ्या तांदळावर ७० टक्क्यांपर्यंत कर लावण्याची मोकळीक मिळाली. १ एप्रिल २००१ला आयातीची उरलेली बंधने उठली तेव्हा भाताभोवती कुंपण उभे होते. ती वाटाघाट कोणत्या वर्तमानपत्राचा मथळा झाली नाही, पण विदर्भातल्या भंडारा-गोंदियाच्या धान उत्पादकाचे नशीब त्या कागदावर होते. मोठ्या देशाला टेबलाजवळ खुर्ची मिळते. हैतीला तेवढी खुर्ची कधीच मिळाली नाही.

प्रायश्चित्ताकडे येताना भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड हाताशी असावा. १९५३मध्ये निघालेल्या या खंडात पातके आणि प्रायश्चित्ते यांचा विस्तार आहे. मनुस्मृतीने पापमुक्तीच्या वाटा मोजल्या त्यात दोष उघड सांगणे आहे, अनुताप आहे, तप आहे, दान आहे. जात पाहून शिक्षा ठरवणाऱ्या त्या ग्रंथाला महाडला १९२७मध्ये अग्नी दिला गेला, आणि तो योग्यच होता. पण चोरीच्या प्रायश्चित्तात त्या परंपरेने एक अट घातली, ती विसरण्याजोगी नाही. नेलेली वस्तू आधी परत करायची, मग व्रत. ख्रिस्ती परंपरा वेगळ्या मार्गाने तिथेच पोचते. ट्रेंटच्या धर्मसभेने १५५१मध्ये पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई अशी तीन अंगे सांगितली, आणि सेंट ऑगस्टीनने त्याच्या हजार वर्षांहून आधी लिहून ठेवले होते की परत करणे शक्य असूनही जो परत करत नाही, त्याचा पश्चात्ताप हे सोंग आहे.

या कसोटीवर वॉशिंग्टनची साक्ष अर्धीच उतरते. कबुली झाली, पण ती ऐकणारे होते अमेरिकी सिनेटर. ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यापैकी कोणी त्या सभागृहात नव्हता. ज्याचे ऋण, त्याच्याखेरीज दुसरे कोणी ते माफ करू शकत नाही. ही गोष्ट सावकारीत जशी खरी तशी धर्मातही. त्याच मार्चमध्ये हैतीचे राष्ट्राध्यक्ष रेने प्रेव्हाल, जे स्वतः शेतीशास्त्र शिकलेले होते, वॉशिंग्टनमध्येच सांगत होते की बाहेरून फुकट अन्न येत राहिले तर आमच्या देशातले पिकवणारे पुन्हा मरतील. त्यांची मागणी रोजगाराची आणि देशात पिकवण्याला हात देण्याची होती.

मिळाले काय? मदतीतून उभा राहिलेला सर्वांत गाजलेला प्रकल्प म्हणजे देशाच्या उत्तरेकडची काराकोल औद्योगिक वसाहत, अमेरिकेला तयार कपडे पुरवणारी. ऑक्टोबर २०१२मध्ये तिचे उद्घाटन झाले, त्याला क्लिंटन पतिपत्नी हजर होती. साठ हजार नोकऱ्यांची भाषा झाली. प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही आकडा गेला नाही. आणि वसाहतीसाठी जागा निवडली ती पिकाची. जानेवारी २०११मध्ये साडेतीनशेहून अधिक शेतकरी कुटुंबांना उभ्या पिकातून उठवले गेले. म्हणजे शेत सोडवून कारखान्याकडे नेण्याचा जो विचार चुकला असे आदल्याच वर्षी सांगितले गेले होते, तोच विचार पुन्हा त्याच देशाच्या मातीत उतरवला गेला. या कारखान्यांना विरोध करण्याचे कारण नाही, हैतीच्या तरुण मुलींना पगार हवाच आहे. पण इथे दोष समजला आणि सवय तशीच राहिली, हे मनाला फार लागते.

त्या कुटुंबांनी सोडून दिले नाही. त्यांनी आपली संघटना बांधली, आणि प्रकल्पाला पैसा देणाऱ्या इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्याच तक्रार-यंत्रणेकडे २०१७मध्ये दाद मागितली. वर्षदीड वर्ष बोलणी चालली. या वेळी टेबलाच्या एका बाजूला बँक आणि हैती सरकार, आणि दुसऱ्या बाजूला शेतकरी स्वतः बसले होते. डिसेंबर २०१८मध्ये समझोता झाला. सर्वांत अडचणीतल्या कुटुंबांना जमीन, इतरांना शेतीची अवजारे, छोट्या धंद्यासाठी मदत, घरातल्या एकेकाला वसाहतीत नोकरीची संधी, असे त्याचे स्वरूप होते. गेलेल्या आठ वर्षांची पिके त्यात परत येणार नव्हती. पण आपल्याला काय हवे याची यादी त्यांनी स्वतः केली होती आणि समोरच्याने ती ओळीने वाचली होती.

आर्तिबोनितच्या शेतकऱ्याला अजून असे टेबल मिळालेले नाही. गेली काही वर्षे त्या खोऱ्यावर सशस्त्र टोळ्यांचा अंमल पसरतो आहे, शेतात जायचे तर त्यांना खंडणी द्यावी लागते. ३ ऑक्टोबर २०२४ला पाँ-सोंदे या बाजारगावात टोळीने शिरून शंभराच्या आसपास माणसे मारली, घरे जाळली, आणि हजारो लोक जवळच्या सें-मार्क शहराकडे पळाले. पाँ-सोंदे हा त्या खोऱ्यातला तांदळाचा जुना बाजार. मादान सारा बायका तिथूनच पोती भरून राजधानीकडे निघत.